एकोणपन्नास सेकंदांचा पेला

टेबलाच्या कडेवरून निसटलेल्या पेल्याला जमिनीवर पोहोचायला एकोणपन्नास सेकंद लागले, तेव्हा निरीक्षकसाहेबांचा संयम सुटला. संयमाचे पडणे त्या मानाने फारच झटपट झाले.

"एकोणपन्नास!" हातातले स्टॉपवॉच टीव्हीच्या पडद्यासमोर नाचवत ते गरजले. "सात माणसं, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा. पेला आपला हवेतच! या हिशेबानं ते टेबल पावणेबारा किलोमीटर उंच असलं पाहिजे. आणि हे मी हवेचा विरोध सोडून देऊन सांगतोय."

"विरोध हवेचा नाहीये, माझा आहे," वहिनी म्हणाल्या. "बाजूला व्हा. सासू दिसत नाहीये."

निरीक्षकसाहेब हे नाव त्यांना घरच्यांनी नव्हे, जन्माने नव्हे, तर चौतीस वर्षांच्या सेवेने दिले होते. वजनमापे खात्यात त्यांनी उभी हयात घालवली. त्यांची चामड्याची पिशवी दुकानाच्या पायरीवर टेकली, की आतला दुकानदार तराजू पुसायला घेई आणि मग कपाळ. त्या खात्याची एक रीत होती. वर्षातून एकदा खुद्द निरीक्षकाची पितळी वजनेही मुख्य कचेरीत तपासली जात, आणि त्यांतले एखादे केसभर जरी हलके भरले, तरी निरीक्षकाने स्वतःच्या हाताने, तांबड्या शाईने नोंदवहीत लिहायचे: 'माझे माप खोटे ठरले.' साहेबांवर ही पाळी चौतीस वर्षांत एकदाच आली. दोनशे ग्रॅमचे वजन हलके भरले होते, आणि तेही त्यांनीच ते फडक्याने अतोनात घासून लखलखीत ठेवल्यामुळे. निष्ठेनेसुद्धा माणूस झिजतो म्हणतात. इथे पितळ झिजले होते.

निवृत्तीला आठ महिने झाले. तपासायला तराजू उरले नाहीत, पण तपासणारी नजर काही कचेरीत जमा करता येत नाही. ती घरभर फिरून अखेर साडेसातच्या मालिकेवर स्थिरावली. आणि साडेसातची मालिका हा वहिनींचा हक्काचा अर्धा तास होता. साऱ्या इमारतीच्या त्या वहिनी, तेव्हा आपणही तेच म्हणू. दिवसभर खिडकीपाशी शिवणयंत्रावर त्या लोकांचे कपडे शिवत, उसवत, बेतत. पण सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी यंत्राचे चाक थांबे ते थांबेच. सहा वर्षांत त्यांनी एकही भाग चुकवला नव्हता. गेले आठ महिने मात्र त्यांनी एकही भाग धड ऐकला नव्हता.

"हे बघा," जाहिराती लागताच त्या वळून म्हणाल्या, "एवढं कळतं ना तुम्हाला? मग मला कशाला सांगता, जगाला सांगा. करा एखादी अशी गोष्ट, जी मला शेवटपर्यंत खुर्चीत बसवून ठेवील. माझी साडेसातची वेळ देते तुम्हाला, एक दिवस. पण मधेच मी 'थांबवा' म्हटलं, की तुम्ही हरलात. मग रोज साडेसात ते आठ त्या घड्याळासकट स्वयंपाकघरात बसायचं. कायमचं."

"मान्य," साहेब म्हणाले. ज्याने कधी एका ग्रॅमची सूट घेतली नाही, तो माणूस आव्हानाच्या अटींत सूट मागतो थोडीच!

वाचनालयात नोकरीला असलेल्या लेकीने त्यांना सांगितले, की जगात असे लोक आहेतच. ते सिनेमे आणि मालिका उसवून दाखवतात: कॅमेरा इथेच का ठेवला, दृश्य तिथेच का तोडले, नायिका दारात उभी असताना आपल्याला आधी दार का दाखवले. वर आपल्या आवाजात ते समजावून सांगतात.

"व्हिडिओ एस्से म्हणतात त्याला, बाबा."

"दृक्‌निबंध," साहेबांनी जागच्या जागी दुरुस्ती केली.

"सगळे व्हिडिओ एस्सेच म्हणतात."

"सगळे दुकानदारही साडेनऊशे ग्रॅमलाच किलो म्हणत."

निबंध दाखवायला संकेतस्थळावर एक वाहिनी उघडली, तिचे नाव ठरले 'मापात पाप', आणि एकतीस पानांची संहिता तयार झाली. अक्षर मोत्यासारखे, समास सोडलेला, पानोपानी तळटीपा.

"तळटीपा वाचून कशा दाखवणार, बाबा?"

"आवाज खाली आणून."

आणि खरोखरच, त्या ध्वनिमुद्रणात दर दोन मिनिटांनी साहेबांचा आवाज अकस्मात तळघरात उतरे, तिथे काही खुलासा करी आणि धापा टाकीत पुन्हा वर येई.

बातमी जिन्याने खाली गेली आणि सल्ले जिन्याने वर आले. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन मिनिटं, काका. त्यापेक्षा जास्त वेळ कुणी तोंड उघडं ठेवत नाही, अनुभवानं सांगते." खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंचे मत पडले, की आधी व्याख्या, मग प्रकार, मग फायदे-तोटे. सोसायटीचे सचिव म्हणाले, "संगीत पाहिजे. आणि शेवटी सहकार्याबद्दल समितीचे आभार." समितीने अद्याप कसलेही सहकार्य केले नव्हते; पण सचिवांच्या मते आभार आधी मानले, की सहकार्य मागून येते. साहेबांनी हे सर्व ऐकून घेतले. ऐकताना त्यांच्या मुद्रेवर, वाण्याने 'साहेब, काटा आजच जरा बिघडलाय' असे सांगितल्यावर येई तो भाव होता.

बावीस मिनिटांचा निबंध शनिवारी सकाळी प्रसिद्ध झाला आणि अकराव्या मिनिटाला अदृश्य झाला. मालिकेतली दृश्ये वापरल्याबद्दल संकेतस्थळाच्या यंत्राने तो अडवला होता. टीका-समीक्षेपुरती चार दृश्ये घेण्यास हरकत नसते, असे लेक म्हणाली. मात्र ते यंत्राला पटवायला अर्ज करावा लागेल. अर्ज! साहेबांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांनी तेज आले. त्यांनी नऊ कलमांचा, 'सविनय' ने सुरू होऊन 'कळावे' ने संपणारा अर्ज लिहिला. भरायला गेल्यावर कळले, की चौकटीत हजारच अक्षरे मावतात. तेवढ्यात त्यांच्या अर्जातली जेमतेम दोनच कलमे बसत होती. सात कलमे त्यांनी आपल्या हाताने छाटली. हे दुःख ज्याने कधी एखादा सुरेख परिच्छेद छाटला आहे, त्यालाच कळेल.

उत्तर चार मिनिटांत आले: 'आपल्या म्हणण्याचा सर्वांगीण विचार करून ते फेटाळण्यात येत आहे.'

"चार मिनिटांत सर्वांगीण!" साहेब खोलीत येरझारा घालू लागले. "एक किलोचं वजन तपासायला मी सहा मिनिटं घेत असे. आणि त्याला अंग एकच!"

"मग सोडून द्या," शिवणयंत्रावरून मान वर न करता वहिनी म्हणाल्या. त्या 'सोडून द्या' मध्ये स्वयंपाकघराचे दार करकरलेले साहेबांना स्पष्ट ऐकू आले.

"सोडतोय कसला! त्यांची दृश्यं नकोत ना? आपण आपली करू."

अशा रीतीने एका निबंधाचे नाटक झाले. कुठले दृश्य चुकते आणि ते कसे घ्यायला हवे होते, दोन्ही साहेब स्वतः चित्रित करून दाखवणार होते. मास्तरीणबाईंना सासू नेमण्यात आले. चाळीस वर्षे वर्ग सांभाळल्यामुळे त्यांना दुष्टपणाचा सराव नसला, तरी दराऱ्याचा होता. डॉक्टरीणबाई सून झाल्या. घरात चित्रीकरण करायचे तर समितीची परवानगी हवी, असे सचिव म्हणाले, आणि त्यांनी अर्जाचा नमुना आणून दिला. सोसायटीकडे अर्जाचा एकच नमुना होता आणि तो पाणीगळतीचा होता. साहेबांनी तो तितक्याच गांभीर्याने भरला. 'गळतीचे ठिकाण' या रकान्यात त्यांनी लिहिले, 'बाहेरची खोली'; 'गळती केव्हापासून' मध्ये 'येत्या मंगळवारपासून'. परवानगी मिळाली, पण एका अटीवर: सचिवांना वकिलाचे काम द्यायचे.

चित्रीकरणाची तयारी पाहून कुठल्याही स्टुडिओने टोपी काढली असती. इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत, तिच्यावर फोन. उजेडाची खिडकी एकच, म्हणून खुर्चीची जागाही एकच. तिच्या पायांभोवती साहेबांनी खडूने चौकोन आखले. खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांचे सेवागौरवाचे प्रमाणपत्र होते. ते चौकटीत यावे असा त्यांचा मुळीच हेतू नव्हता, फक्त ते यावे म्हणून त्यांनी फोन दोनदा हलवला. अडचण उरली नजरेची. मास्तरीणबाई सकाळी मोकळ्या, डॉक्टरीणबाई दुपारी दोन रोग्यांच्या मधे; तेव्हा सासू-सून एकमेकींसमोर बसणे अशक्य. मग बोलताना पाहायचे कुठे? साहेबांनी क्षणभरही न अडखळता खिडकीशेजारच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. ते घड्याळ ते दररोज मिळवीत. घरात विश्वासाने नजर टेकवावी अशी दुसरी वस्तूच नव्हती.

"हे मृत्युपत्र खोटं आहे!" मास्तरीणबाईंनी सकाळी घड्याळाला बजावले.

"मृत्युपत्र नाही सासूबाई, खोट्या तुम्ही आहात!" डॉक्टरीणबाईंनी दुपारी त्याच घड्याळाला प्रत्युत्तर दिले आणि सवयीने पुढे म्हणाल्या, "आता चूळ भरा."

पेला स्टीलचा होता आणि तो अठरा वेळा पाडावा लागला. दर वेळी तो चार दशांश सेकंदांत जमिनीवर पोहोचे, हे साहेबांनी अठरा वेळा सिद्ध केले. सोळाव्या वेळी तो उसळून वकिलाच्या नडगीवर बसला. अठराव्या वेळी खालून चिठ्ठी आली: 'वरच्या मजल्यावर भांडी पाडली जात आहेत. त्वरित दखल घ्यावी.' खाली राहणाऱ्या मास्तरीणबाईंची सही होती. सकाळच्या सासूने दुपारच्या पेल्याविरुद्ध रीतसर तक्रार केली होती.

"अहो, पण त्यांच्याच दृश्याचा पेला आहे हा!" साहेब कळवळले.

"तक्रार लेखी आहे," नडगी चोळत, वकिलाच्या काळ्या कोटातच सचिव म्हणाले, "मला दखल घ्यावीच लागेल." आणि त्यांनी दखल घेतली. अर्थात गळतीच्या अर्जावर.

तीन आठवड्यांनी निबंध पुरा झाला. साहेबांनी गुरुवार मागितला, आणि वहिनींच्या भुवया उंचावल्या. त्या गुरुवारी मालिकेतले मृत्युपत्र, एकशे चाळीस भाग टेबलावर पडून राहिल्यानंतर, अखेर वाचले जाणार होते. वहिनींनी हातातला दोरा दातांनी तोडला. मग म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द."

गुरुवारी साडेसातला त्यांच्या घरात मालिकेचे शीर्षकगीत वाजले नाही. असे सहा वर्षांत प्रथमच घडत होते. सचिव, डॉक्टरीणबाई आणि मास्तरीणबाई सोफ्यावर दाटीवाटीने बसले होते, लेक फोन घेऊन टीव्हीपाशी, वहिनी त्यांच्या खुर्चीत, आणि साहेब उभे. आपले माप तपासले जात असताना निरीक्षकाने बसायचे नसते.

आणि निबंध चांगला होता, हे सांगितलेच पाहिजे. पेल्याचे गणित आले तेव्हा डॉक्टरीणबाई खुदकन हसल्या. दाराची कडी आधी दाखवली तर भीती वाटते आणि मागून दाखवली तर नुसती कडी वाटते, हे पाहताना वहिनींनी मान हलवली. साहेबांनी ती मान हललेली पाहिली; चौतीस वर्षांच्या सेवेत कोणत्याही काट्याचे हलणे त्यांनी इतके टक लावून पाहिले नसेल.

मग नववे मिनिट आले. पडद्यावरून साहेबांचा आवाज सांगू लागला, की बोलणाऱ्या दोघांच्या मधून एक अदृश्य रेषा जाते. कॅमेऱ्याने तिच्या एकाच बाजूला राहावे. मग एक जण डावीकडे पाहताना दिसतो, दुसरा उजवीकडे, आणि आपल्याला वाटते, ते एकमेकांशी बोलताहेत. 'साडेसातची मालिका ही रेषा आठवड्यातून सरासरी अकरा वेळा ओलांडते. आता तेच दृश्य निर्दोष घेतलेले पाहा.'

पडद्यावर मास्तरीणबाई डावीकडे पाहून गरजल्या. लगेच डॉक्टरीणबाई डावीकडे पाहून उलटून बोलल्या.

"अहो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतःला आवरण्याचा प्रयत्न केला, हे त्यांच्या मुठींवरून दिसत होते. पण आयुष्य कापड बेतण्यात गेलेल्या डोळ्यांना तरी किती आवरणार? "अहो, थांबवा."

खोलीत फक्त घड्याळ चालू राहिले. अगदी अचूक.

"दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्यात तुम्ही," वहिनी हलकेच म्हणाल्या.

साहेबांनी दृश्य मागे नेऊन पाहिले. पुन्हा पाहिले. सासू सुनेशी बोलत नव्हती. सून सासूशी बोलत नव्हती. दोघीही मिळून कुणा तिसऱ्याच माणसाला, जो चौकटीबाहेर डावीकडे उभा होता, मृत्युपत्राबद्दल झापत होत्या. आणि तो तिसरा माणूस कोण, हे खोलीतल्या प्रत्येकाला भिंतीकडे एक नजर टाकताच कळले.

"कुणाच्या लक्षात येणारे, काका!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तक्रार तोंडी आहे," सचिवांनी धीर दिला, "दखल घ्यायलाच पाहिजे असं नाही."

"बाबा, एक चित्र आरशासारखं उलटं करता येतं," लेक म्हणाली. "एका बटणाचं काम. एक डावी, एक उजवी, झालं."

लेकीने करून दाखवलेसुद्धा. डॉक्टरीणबाई आज्ञाधारकपणे उजवीकडे पाहू लागल्या. त्यांच्यामागे सेवागौरवाच्या प्रमाणपत्रावरची अक्षरे उलटी झाली होती, पण इतक्या लांबून ती कोण वाचणार? साहेब बराच वेळ त्या उलट्या अक्षरांकडे पाहत राहिले.

"पूर्ववत कर," ते म्हणाले. "कमी भरलेल्या वजनाखाली मेण चिकटवणारे मी चौतीस वर्षं पकडलेत." मग त्यांनी टेबलाच्या खणातून तांबड्या शाईचे पेन काढले, संहितेचे सोळावे पान उघडले आणि समासात, मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: 'माझे माप खोटे ठरले.' खाली तारीख घातली, सही केली. मग स्टॉपवॉच उचलले आणि ताठ मानेने स्वयंपाकघरात जाऊन बसले. सात वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती. शिक्षेची अठरा मिनिटे अजून बाकी होती.

शुक्रवारी साडेसातला ते कुणी न सांगता आत गेले. शनिवारीही. बाहेर मालिकेत कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला तर त्यांचा अंगठा आपोआप बटणावर जाई. ते तो मागे घेत. रविवारी सकाळी मात्र ते शिवणयंत्रापाशी येऊन उभे राहिले.

"एक काम होतं," ते म्हणाले. "ते बाह्यांचं. परत एकदा सांगाल का? फोनसमोर."

"मी?" वहिनींच्या हातातली कात्री थांबली. "मला कुठं बोलता येतं तसलं."

"तुम्हाला दिसतं. बोलणं माझ्याकडे पुष्कळ आहे."

साहेबांनी चुकीचे दृश्य निबंधातून काढले नाही. ते जसेच्या तसे ठेवून त्यांनी सरळ सांगितले, की ही चूक या निबंधाच्या कर्त्याची आहे. त्यापुढे वहिनी आल्या. अंगात रोजचाच साधा पोशाख, गळ्यात मापाची पट्टी, आणि हातात कुणाच्याशा कोटाच्या दोन सुट्या बाह्या.

"ही डावी," त्या म्हणाल्या. "ही उजवी. अशा समोरासमोर धरल्या, की मधे माणूस मावतो. आता दोन्ही डाव्या शिवल्या, तर कापड चांगलं आहे, शिवण चांगली आहे, पण हा कोट घालायला माणूस कुठून आणायचा? चेहऱ्यांचं तसंच. दोघी एकीकडेच बघायला लागल्या, की मधलं माणूस नाहीसं होतं." थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "आमच्या ह्यांना हे कळतं. घड्याळाच्या नादात राहून गेलं."

साहेबांनी स्टॉपवॉचवर वेळ मोजला होता. चौतीस सेकंद. जे समजावायला त्यांना तीन मिनिटे आणि दोन तळटीपा लागल्या होत्या, ते चौतीस सेकंदांत झाले होते. एरवी अशी तुलना त्यांच्या जिव्हारी लागली असती. पण कणभरही खोट नसलेले माप हाती लागले, की खरा निरीक्षक ते कुणाचे आहे हे पाहत नाही. त्याची छाती नुसती फुगते. ती फुगली. संध्याकाळी जिन्यात भेटलेल्या सचिवांना त्यांनी आपणहून थांबवून ते दृश्य दोनदा दाखवले, आणि चिठ्ठ्या पाठवणाऱ्या मास्तरीणबाईंकडे तर तेवढ्यासाठी एक मजला उतरून गेले.

निबंध प्रसिद्ध झाला आणि या वेळी यंत्राने तो अडवला नाही. पाहणाऱ्यांनी खाली मते लिहिली. एकाने लिहिले, आवाज मधूनमधून खाली का जातो? पुष्कळांनी लिहिले, त्या बाह्यावाल्या बाईंना पुन्हा आणा. साहेबांनी ही सर्व मते एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवली आणि वही शिवणयंत्राच्या खणात, सहज सापडेल अशी, ठेवून दिली.

सोमवारी साडेसातला ते शिस्तीने स्वयंपाकघरात बसले होते. बाहेर शीर्षकगीत सुरू झाले. तेवढ्यात दाराशी पावले वाजली. लेकीचा फोन हातात घेऊन वहिनी आत आल्या. दुसरे स्टूल ओढून त्या त्यांच्याशेजारी बसल्या, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि निबंध पहिल्यापासून सुरू केला.

"मालिका लागलीये," साहेब म्हणाले.

"बोलू नका मधे."

बाहेर रिकाम्या खुर्चीसमोर सासू-सून भांडत राहिल्या. आत पेला पडला, कडी हलली, आवाज तळघरात जाऊन आला, नववे मिनिट आले आणि गेले. साहेबांनी टेबलाखाली स्टॉपवॉच चालू केले होते. पंधरा मिनिटे सव्वीस सेकंद. एवढ्या वेळात वहिनींनी एकदाही नजर उचलली नाही, एकदाही 'थांबवा' म्हटले नाही.

"चांगलं झालंय," पदार्थाची चव पाहून सांगावे तशा त्या म्हणाल्या. "शेवट तर फारच चांगला."

त्या शेवटात त्या स्वतःच होत्या, ही गोष्ट निरीक्षकसाहेबांच्या लक्षात आली. परंतु आयुष्यात प्रथमच, लक्षात आलेली गोष्ट त्यांनी कुठेही नोंदवली नाही.